जोर कुठे लावायचा : घरच्या अंगणात ॲक्सल बदलताना

वळण घेताना पुढच्या चाकातून येणारी कट-कट-कट ही तक्रार जुन्या छोट्या गाड्यांत इतकी सर्रास आढळते, की बरेच जण तिच्यासकट वर्षानुवर्षं गाडी चालवतात. आमची जुनी वॅगन आर गगनबावड्याच्या पावसात आणि ऊसतोडीच्या दिवसांत चिखलाने भरलेल्या पाणंदींतून फिरलेली. तिच्या डाव्या चाकाने असाच सूर धरला, तेव्हा त्या बाजूचा ॲक्सल, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकापर्यंत ताकद नेणारा ड्राइव्ह शाफ्ट, घरच्या अंगणात स्वतःच्या हाताने बदलायचं मी ठरवलं. पेशाने मी शिक्षक. गाडीचं ऑइल, एअर फिल्टर, ब्रेक पॅड एवढी कामं याआधी केली होती. ॲक्सलला हात लावण्याची ही पहिलीच वेळ.

कोल्हापुरात उद्यमनगरासारखी वस्ती आहे, तिथे लोखंडाची नाडी जाणणारी माणसं आहेत, हे माझं भाग्य. तिथल्या एका मिस्त्रींना सगळे तात्या म्हणतात. त्यांच्याकडे चौकशीला गेलो तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली, "काम अवघड न्हाई मास्तर. जोर कुठं लावायचा आन् कुठं न्हाई, तेवढं कळाय पायजे." काम करताना पायरीपायरीला हे वाक्य खरं ठरत गेलं. जे शिकलो ते क्रमाने लिहितो आहे. कुणाला हे काम करायचं असेल त्याला उपयोग व्हावा, आणि करायचं नसेल त्यालाही आपल्या गाडीच्या चाकामागे काय चाललंय ते कळावं.

१. आवाज ओळखल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

चाकाच्या आसपासचे सगळे आवाज ॲक्सलचे नसतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून, ॲक्सिलरेटर दाबून गाडी हळू पुढे नेली की लयीत येणारी कटकट, आणि चाकाच्या वेगाबरोबर वाढणारी तिची गती, हे बाहेरच्या सीव्ही जॉइंटचं, म्हणजे ॲक्सलच्या चाकाकडच्या सांध्याचं, लक्षण. सरळ रस्त्यावर सतत येणारी, वेगाबरोबर चढत जाणारी घूं-घूं बहुधा व्हील बेअरिंगची. खड्ड्यात गेलं की एकदाच येणारा 'ठक' लोअर आर्मच्या बुशचा किंवा बॉल जॉइंटचा. चढावर जोर देताना गाडीचा पुढचा भाग थरथरतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की थांबतो, तिथे आतल्या जॉइंटवर संशय घ्यावा. रिकाम्या मैदानात डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून गोल फिरवा, एकाला गाडीबाहेर उभं करून कान द्यायला सांगा. आत बसलेल्याला आवाजाची बाजू नीट कळत नाही. बाहेरच्याला लगेच कळते.

२. खरा आजार रबराचा असतो.

ॲक्सलच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटवर घड्या असलेला रबराचा बूट असतो. आत ग्रीस, बाहेर जग. हा बूट शाबूत असेल तर जॉइंट लाखभर किलोमीटर सहज चालतो. त्याच्या घडीला चीर पडली, की चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि त्याच चिरेतून पाणी अन् बारीक माती आत शिरते. मग गोट्या ग्रीसऐवजी वाळूत घासतात. आमच्या गाडीचं चाक वळवून आत टॉर्च मारला, तर रिमच्या आतल्या बाजूला आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीवर काळपट ग्रीसचा आडवा पट्टा उडालेला दिसला. बूट घडीच्या तळाशी अर्धा गोल फाटला होता आणि चिरेच्या कडांवर तांबडी माती घट्ट बसली होती. आवाज सुरू होण्याआधी ही चीर दिसली असती तर बूट, क्लिप आणि नवं ग्रीस एवढ्यावर काम भागलं असतं. आवाज आला म्हणजे आतलं पोलाद झिजलेलं असतं. तिथे नवं ग्रीस भरून उपयोग नाही.

३. हे यंत्र काय करतं ते आधी समजून घ्यावं. या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण शाफ्ट हातात धरल्यावर त्याचं मोल कळतं.

अँबॅसडर आणि आपल्या कुर्ल्यात बनणारी प्रीमिअर पद्मिनी या दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालत. इंजिन पुढे, मध्ये लांब प्रोपेलर शाफ्ट, आणि त्याच्या टोकांना मिस्त्री ज्याला 'क्रॉस' म्हणतात तो साधा युनिव्हर्सल जॉइंट. या क्रॉसमध्ये एक उणीव आहे. शाफ्ट कोनात असला की एका टोकाला एकसारखी गती दिली तरी दुसऱ्या टोकाची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा घटते. कोन लहान असेल तर ते खपतं. पण पुढच्या चाकांनाच ताकद द्यायची म्हटली, की चाक स्टिअरिंगबरोबर तीस-चाळीस अंशांनी वळणार, खड्ड्याबरोबर वरखाली होणार, आणि तरी फिरणं एकसारखं हवं. क्रॉस तिथे झटके देईल.

हा पेच फोर्ड कंपनीतल्या आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२०च्या दशकात सोडवला. एक वाटी, तिच्या आत एक गोल गाभा, दोन्हींवर वक्र खाचा, आणि खाचांमध्ये पिंजऱ्यात धरलेल्या सहा पोलादी गोट्या. जॉइंट कितीही वाकला तरी गोट्या कायम त्या कोनाच्या बरोबर दुभाजक प्रतलात राहतात, म्हणून इकडची गती तिकडे जशीच्या तशी पोचते. हाच सीव्ही जॉइंट. १९५९ मध्ये इंग्लंडात आलेल्या मिनीने पुढच्या चाकांवर चालणारी, इंजिन आडवं बसवलेली छोटी गाडी जगाच्या गळी उतरवली ती याच जातीच्या जॉइंटच्या जोरावर. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तीच रचना घरोघरी पोचली. तात्या सांगतात, क्रॉस ठोकून बदलणाऱ्या जुन्या मिस्त्रींना या गाडीने नवी विद्या शिकायला लावली.

गिअरबॉक्सच्या बाजूचा जॉइंट वेगळा. अनेक छोट्या गाड्यांत तो ट्रायपॉड असतो : तीन पाय, प्रत्येक पायावर एक रोलर, आणि रोलर सरकतील अशी तीन खाचांची वाटी. चाक वरखाली झालं की शाफ्टची लागणारी लांबी बदलते. ते अंतर हा आतला जॉइंट आत-बाहेर सरकून भरून काढतो. पुढे अकराव्या मुद्द्यात हीच गोष्ट कामाला येणार आहे.

४. सुटे भाग घेताना घाई नको.

दुकानात तीन पर्याय मिळतात : नुसतं बूट किट, बाहेरचा जॉइंट बूट-ग्रीससह, किंवा दोन्ही जॉइंट बसवलेला पूर्ण शाफ्ट. पहिल्यांदाच करणाऱ्याने पूर्ण शाफ्ट घ्यावा असं माझं ठाम मत आहे. जॉइंट शाफ्टवरून ठोकून काढणं, लॉक बसवणं, बूटची क्लिप योग्य ताणाने आवळणं ही वेगळीच कसबं आहेत. पैसे जास्त जातात; पण एकाच दिवशी दोन नवी कामं अंगावर घ्यावी लागत नाहीत.

गिअरबॉक्स गाडीच्या मधोमध नसल्यामुळे डावा आणि उजवा शाफ्ट सहसा वेगवेगळ्या लांबीचा असतो. तेव्हा बाजू सांगूनच मागावा. नवा शाफ्ट जुन्याशेजारी जमिनीवर ठेवून लांबी, दोन्ही टोकांचे दाते, आटे आणि आतल्या टोकाची सर्क्लिप, म्हणजे तारेची अर्धवट रिंग, जुळवून पाहावी. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. त्यांच्यापैकी काहींच्या बाहेरच्या जॉइंटवर सेन्सरसाठी दातेरी रिंग असते. ती असेल तर तिचे दातेही मोजावेत. नवा हब नट, गिअरबॉक्सचं ऑइल सील आणि गिअर ऑइल याच फेरीत घ्यावं. सील स्वस्त आहे. शाफ्ट निघालेलाच असताना ते न बदलणं शहाणपणाचं नाही.

५. जॅकवर उभ्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाता कामा नये.

यात तडजोड नाही. गाडीबरोबर येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. या कामात आपण पहारीने रेटणार, हातोडा मारणार, गाडी हलणार. म्हणून सपाट फरशी किंवा काँक्रीट, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि चॅसीच्या नेमून दिलेल्या जागी दोन घोड्या, म्हणजे जॅक स्टँड. विटांची चळत चालत नाही. वीट सूचना न देता फुटते. गाडी घोड्यांवर बसली की हाताने जोरात हलवून पाहायची, मगच चाक काढायचं. काढलेलं चाक दाराच्या खालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवायचं. घोडी निसटलीच तर गाडी चाकावर टेकते, माणसावर नाही.

६. सर्वांत मोठा जोर मात्र सर्वांत आधी, गाडी उचलण्यापूर्वी, ती जमिनीवर असताना.

शाफ्टच्या टोकाला चाकाच्या मधोमध जो मोठा नट असतो तो हब नट. गाडी उचलल्यावर तो सोडवायला गेलं तर चाक फिरतं आणि घोड्यांवरची गाडी हलते. म्हणून चाक जमिनीवर, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि पुतण्याला आत बसवून ब्रेक दाबून ठेवायला सांगितलेला, अशी तयारी करून तो मी आधी सैल केला. त्याहीपूर्वी एक बारीक काम असतं. अनेक गाड्यांत नटाची पातळ कडा छन्नीने ठोकून शाफ्टच्या खाचेत बसवलेली असते, म्हणजे नट आपोआप सुटत नाही. ती कडा बारीक छन्नीने पूर्ण उचलून घ्यावी. तशीच ठेवून पाना लावला तर ती शाफ्टचे आटे ओरबाडत येते. काही गाड्यांत याच जागी स्प्लिट पिन असते.

आता जोर. मीटरभर लांब पाइपच्या टोकाला वीस किलोचा भार म्हणजे जवळपास २०० न्यूटन मीटर. वर्षानुवर्षं पावसाळे खाल्लेला नट सुटायला त्याहून जास्त लागतं. आदल्या संध्याकाळी त्यावर डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं होतं. सहा कोनांची गोटी, म्हणजे सॉकेट, तिला जाड हँडल, हँडलवर पाइप. बारा कोनांची गोटी इथे नको, ती नटाचे कोपरे गोल करते. झटके न देता शरीराचा भार हळूहळू पाइपवर टाकत गेलो. आधी पाइप किंचित वाकल्यासारखा वाटतो, मग बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो आणि नट सुटतो. काही तुटलं असंच वाटतं. तुटलेलं काही नसतं. गंजाने धरलेली पकड सुटलेली असते. नट पूर्ण काढायचा नाही, सैल करून ठेवायचा.

आणखी एक : शाफ्ट हबमधून काढलेला असताना गाडीचं वजन त्या चाकावर टेकवून गाडी ढकलू नये. व्हील बेअरिंगच्या आतल्या कड्या हब नटाच्या दाबानेच एकत्र धरलेल्या असतात.

७. "पहिला भरायचा बोल्ट सुटतोय का बघा, मग खालचा सोडा."

हे तात्यांचं वाक्य सोन्याचं आहे. शाफ्ट ओढला की गिअरबॉक्सच्या भोकातून गिअर ऑइल बाहेर येतं, म्हणून ते आधी काढून घ्यावं लागतं. पण खालचा बोल्ट उघडून ऑइल सांडलं आणि मग कळलं की वरचा भरायचा बोल्ट गंजून बसलाय, तर गाडी अंगणातच अडकली.

८. ब्रेकची नळी ही जिवाची नळी आहे. आमच्या गाडीत कॅलिपर काढायची गरज पडली नाही. नकल, म्हणजे हब धरणारा ओतीव तुकडा, बाहेर झुलवला तरी ब्रेकचा होज सैल राहत होता. ज्या गाडीत कॅलिपर काढावाच लागतो तिथे तो तारेने शॉक ॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगला टांगावा. होजवर लोंबकळू देऊ नये. रबर बाहेरून चांगलं दिसतं आणि आतला पदर फाटलेला असतो. ते कळतं ते घाट उतरताना. एबीएसची वायर असेल तर तीही आधी क्लिपमधून सोडवून घ्यावी.

९. बॉल जॉइंटचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही.

चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट नकलमध्ये एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो. बॉल जॉइंटच्या दांड्याला खाच असते आणि तो बोल्ट त्या खाचेतून जातो. म्हणून बोल्ट पूर्ण बाहेर काढल्याशिवाय कितीही रेटलं तरी आर्म खाली येणार नाही. बोल्ट निघाल्यावर नकलच्या चिरेत छन्नी हलकेच बसवली, आर्मवर पहार टाकून खाली दाबली, आणि दांडा निसटला. बॉल जॉइंटचं छोटं रबर या झटापटीत फाटू नये म्हणून त्यावर चिंधी गुंडाळली होती. बोल्ट परत बसवताना दांड्याची खाच समोर आल्याची खात्री करावी. तो नीट न बसला तर चाक स्टिअरिंगचं ऐकणार नाही, इतकी ती गंभीर जागा आहे.

१०. हबमधून शाफ्ट मागे ढकलताना हातोडा थेट शाफ्टवर मारायचा नाही. जुना नट शाफ्टच्या टोकाशी समपातळीत येईल इतका परत चढवायचा, त्यावर लाकडाचा ठोकळा धरायचा आणि ठोकायचं. जुना शाफ्ट फेकायचाच असेल तरी हे करावं, कारण टोक पसरलं तर तो हबच्या दात्यांतून मागे जात नाही. आमचा दोन-तीन ठोक्यांत हलला. ज्या गाडीत तो गंजाने धरून बसलेला असतो तिथे पुलर लावावा. जड घण मारून व्हील बेअरिंगचा बळी देऊ नये.

११. आतला जॉइंट उचकटायचा असतो, ओढायचा नसतो.

ही या सगळ्या कामातली कळीची जागा. शाफ्ट बाहेरून मोकळा झाला, हातात आला, की तो धरून ओढावासा वाटतो. पण आतला ट्रायपॉड सरकता असतो हे वर सांगितलं. दांडा ओढला तर रोलर वाटीतून निसटतात, बूट फाटतो, आणि वाटी मात्र गिअरबॉक्समध्ये तशीच राहते. कारण वाटीच्या टोकाशी तारेची एक बारीक अर्धवट रिंग, सर्क्लिप, डिफरन्शियलच्या आतल्या गिअरमध्ये अडकलेली असते. ती सोडवायला जोर वाटीवरच लागला पाहिजे.

गाडीखाली आडवं पडून वाटीची कड आणि गिअरबॉक्सचं कवच यांच्यामध्ये टॉमीचं, म्हणजे छोट्या पहारीचं, चपटं टोक घातलं. गिअरबॉक्स ॲल्युमिनिअमचा, टॉमी पोलादाची. टेकू कवचाच्या जाड बरगडीवर घ्यायचा, पातळ भिंतीवर नाही, आणि टोक सीलच्या ओठापर्यंत जाऊ द्यायचं नाही. संथ दाबाने काही झालं नाही. मनगटाचा एक छोटा, कोरडा झटका दिला तेव्हा वाटी बोटभर बाहेर आली. सर्क्लिपला एकदम दाबून आत बसवावं लागतं. संथ दाबाने ती अडूनच राहते. हब नटाला झटका नको होता, इथे झटकाच हवा होता. पुढे वाटीला हाताचा आधार देत शाफ्ट सरळ बाहेर घेतला. खाली ट्रे असू द्यावा, तळाशी राहिलेलं ऑइल येतंच.

काही गिअरबॉक्सेसमध्ये दोन्ही शाफ्ट एकाच वेळी काढले तर आतले गिअर जागेवरून सरकतात. म्हणून दोन्ही बदलायचे असले तरी एक बसवून मगच दुसरा काढावा.

१२. आत जाताना हळुवारपणा.

जुनं सील टॉमीच्या टोकाने उचकटून काढलं. नवं सील त्याच्या बाहेरच्या कडेएवढ्या गोटीवर हलके ठोके देत, चारी बाजूंनी सारखं, बसवलं. सीलच्या ओठाला गिअर ऑइलचं बोट फिरवलं. नव्या शाफ्टच्या सर्क्लिपचं तोंड खालच्या बाजूला येईल असा शाफ्ट धरला. तात्यांची ही खूण. अशाने रिंग आपल्या वजनाने मधोमध बसते आणि आत जाताना अडत नाही. दाते सीलच्या ओठाला न लागता आत जाणं महत्त्वाचं. पोलादाच्या दात्याचा एक ओरखडा पुरेसा असतो, मग आयुष्यभर पार्किंगमध्ये ऑइलचा डाग.

दाते जुळले की शाफ्ट सुरुवातीला सहज जातो आणि शेवटच्या बोटभर अंतरावर अडतो. तिथे दोन्ही हातांनी वाटी धरून एकच सरळ धक्का. आतून स्पष्ट 'टक' ऐकू येतं आणि हाताला जाणवतं. ऐकू आलं नाही तर बसलं असं गृहीत धरू नये. पुन्हा वाटीच धरून बाहेर ओढून पाहायची. किंचित हलेल, पण निघणार नाही. हे तपासल्याशिवाय पुढचा एकही बोल्ट आवळू नये.

१३. आवळण्याचा आकडा अंदाजाने ठरवू नये.

हब नट व्हील बेअरिंगवर ठरावीक दाब ठेवतो. कमी आवळला तर बेअरिंग खिळखिळं होतं, फार आवळला तर तापतं. बहुतेक छोट्या गाड्यांत हा आकडा १५० ते २५० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. टॉर्क रेंच विकत घेणं परवडत नसेल तर भाड्याने किंवा ओळखीने आणावा. नट नवाच वापरावा, शेवटचं आवळणं चाक जमिनीवर टेकवून करावं आणि मग त्याची कडा शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवावी. चाकाच्या नटांचा आकडा यापेक्षा बराच कमी, छोट्या गाड्यांत ८५च्या आसपास. पंक्चरवाल्याकडे पायाने उभं राहून चाकाचे नट आवळण्याची पद्धत आहे, ती सोडावी.

१४. ऑइल. गाडी सपाट असताना भरायच्या भोकातून ऑइल ओघळायला लागेपर्यंत भरायचं. लेव्हल कळण्याची ती खूण. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेलीच. काढलेलं जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजला द्यावं, ते पुनर्वापरासाठी गोळा करणाऱ्यांकडे जातं. कायद्याने हा घातक कचरा आहे. गटारात ओतलं तर शेवटी ते पंचगंगेत जाणार, आणि त्या नदीने आधीच पुष्कळ सोसलं आहे.

१५. तपासणी घाटात करावी, गल्लीत नव्हे.

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर : दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून हळू, मग थोडा वेग, मग थांबून सीलजवळ बोट फिरवून ओल आहे का ते पाहणं. पण आतल्या जॉइंटची खरी परीक्षा जोराखालीच होते. आम्ही गाडी पन्हाळ्याला नेली. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, वळणं घेत, पूर्ण जोर देऊन. थरथर नाही, कटकट नाही. इंजिन आणि टायर एवढेच आवाज. वर पोचल्यावर दोन्ही बाजूंच्या हबला हात लावून पाहिला. एक बाजू दुसरीपेक्षा फार गरम लागली तर बेअरिंगकडे लक्ष द्यावं. आमच्या दोन्ही सारख्या होत्या. शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा तपासले.

१६. जुना जॉइंट भंगारात देण्याआधी उघडून पाहावा.

शाफ्ट शिकंज्यात धरून बाहेरचा जॉइंट ठोकून काढला आणि रॉकेलने धुतला. चांगलं मॉलिब्डेनमचं ग्रीस गडद करडं आणि लोण्यासारखं असतं. हे तांबूस, रेवाळ झालेलं होतं, चिमटीत घेतलं की कण टोचत होते. पिंजरा वाकवून एकेक गोटी काढली. आरशासारखी असायला हवी ती गोटी धुरकट झालेली, आणि वाटीच्या खाचेत, गाडी सरळ चालते तेव्हा गोटी जिथे असते नेमक्या त्या जागी, नखाला लागेल असा खड्डा. वळताना गोटी त्या खड्ड्याच्या कडेवरून चढते आणि उतरते. कटकट यायची ती तिथून. शाळेत नेऊन मुलांना तो जॉइंट हातात दिला. कोन बदलला तरी गती बदलत नाही, हे फळ्यावर समजवायला मला नेहमी जड जायचं. मुलांनी तो वाकवून, फिरवून पाहिला आणि त्यांना समजलं.

असं काम घरी करावं का, असं मला विचारतात. सपाट जागा, दोन घोड्या, टॉर्क रेंच, आपल्या गाडीचं मॅन्युअल आणि हाताशी एक माणूस, एवढं असेल तर जरूर करावं. यातलं एकही कमी असेल तर मिस्त्रीकडे जावं आणि शेजारी उभं राहून पाहावं. ते काही करायचं नसेल, तरी एवढं नक्की करा : या आठवड्यात गाडी सावलीत लावा, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, चाकामागे टॉर्च मारा आणि रबराच्या घड्या बोटाने उलगडून पाहा. मग दुसऱ्या बाजूला. आतल्या दोन बुटांसाठी पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर असताना मिस्त्रींना सांगा. चीर दिसली तर त्याच आठवड्यात बूट बदला. नवा बूट काही शे रुपयांत येतो, नवा शाफ्ट त्याच्या कितीतरी पट.